पीपीए संपला, आता कोजनची वीज एक्स्चेंजवर विकायची: सांगली जिल्ह्यातल्या १८ मेगावॉट प्रकल्पासाठी विचारणा

गव्हाण_ते_ग्रिड

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कोजनबद्दल (सहवीजनिर्मितीबद्दल) विचारतोय. गाळप दिवसाला ५,००० टन, बॉयलर ६७ अटा, टर्बाइन १८ मेगावॉटचं, एक्स्ट्रॅक्शन-कम-कंडेन्सिंग (काही वाफ मध्येच साखरेसाठी काढून घेणारं, उरलेली कंडेन्सरला देणारं). हंगामात कारखाना आणि कोजनचा हाऊस लोड (स्वतःचा वापर) मिळून ७ मेगावॉट जातो, उरलेले ११ मेगावॉट ११० केव्ही लाइनने महापारेषणच्या उपकेंद्रात. महावितरणबरोबरचा वीज खरेदी करार (पीपीए) संपला आहे. नवा करार कोणत्या दराने आणि कधी होईल ते ठरलेलं नाही, आणि मोळी टाकायची (गाळप सुरू करायची) वेळ जवळ आली आहे.

संचालक मंडळापुढे टिपण ठेवायचंय. प्रश्न असे:

एक्स्चेंजवर (वीज बाजारात) जायला नेमकं काय काय लागतं? आत्तापर्यंत महिन्याच्या एक तारखेला जॉइंट मीटर रीडिंग व्हायचं आणि बिल लागायचं. तेच मीटर चालतील का?

दुपारी बाजारात दर पडतो आणि संध्याकाळी चढतो म्हणतात. आपलं गाळप तर चोवीस तास. मग बोली कशी लावायची?

ऊस आला नाही, मिल बसली किंवा बॉयलर ट्रिप झाला (अचानक बंद पडला), तर शेड्यूल (कोणत्या वेळी किती वीज घालायची ते ठरलेलं वेळापत्रक) चुकल्याचा भुर्दंड किती?

आणि एका संचालकांनी वाचलंय की अमेरिकेत वीज कंपन्या प्रादेशिक बाजारात सामील होतायत. आपणही तसंच 'पश्चिम विभागाच्या बाजारात' सामील व्हायचं का, असं ते विचारतात. याचं सोपं उत्तर कुणी देईल का?

९६_ब्लॉक

बोलीपासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथेच मिळतात किंवा जातात. बाकी सगळी कागदपत्रं आहेत, ती होतात.

डे-अहेड (एक दिवस आधीच्या) बाजारात दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. बोली सकाळी १० ते १२ या वेळेत, उद्या मध्यरात्रीपासून सुरू होणाऱ्या दिवसासाठी. म्हणजे उद्या रात्री ११ची वीज तुम्ही आज दुपारी १२च्या आत विकायला लावता. किमान बोली ०.१ मेगावॉट आणि पुढे ०.१च्याच पायऱ्या. प्रत्येक ब्लॉकला वेगवेगळे दर-प्रमाण देता येतात. कमाल दर एप्रिल २०२३ पासून युनिटला १० रुपये.

सगळे ११ मेगावॉट एकाच दराने लावू नका. ही चूक बरेच कोजनवाले करतात. तुमच्या ११ मेगावॉटमध्ये दोन वेगळ्या विजा आहेत.

पहिली वीज एक्स्ट्रॅक्शनची. ताशी साधारण २१० टन ऊस, वाफेचा वापर उसावर ४०-४२ टक्के धरला तर ८५-८८ टन वाफ कमी दाबाने प्रोसेसला (साखर तयार करायला) जाते. ती वाफ टर्बाइनमधून जाताना अंदाजे सहा टनाला एक मेगावॉट-तास देते, म्हणजे साडेचौदा मेगावॉटच्या आसपास. गाळप चालू आहे तोवर ही वीज तयार होणारच. विकली नाही तर तीच वाफ पीआरडीएसमधून दाब मोडून प्रोसेसला द्यावी लागते आणि मधली ऊर्जा वाया जाते. हाऊस लोड ७ वजा केला की ही बाहेर जाणारी वीज साडेसात मेगावॉट. ती जवळपास मिळेल त्या दराला विकायची. शून्याला मात्र नाही: युनिटमागे पारेषण, शेड्यूलिंग, एक्स्चेंज आणि व्यापारी (तुमच्या वतीने बोली लावणारा) असं मिळून जे कापलं जाणार असेल, त्याच्या थोडं वर किमान दर ठेवा. त्याखाली विकलं तर खिशातून जातं.

दुसरी वीज कंडेन्सिंगची, उरलेले साडेतीन मेगावॉट. तिच्या एका मेगावॉट-तासाला सुमारे ४ टन वाफ लागते. एक टन बगॅसमधून (उसाच्या चोथ्यातून) २.३ टन वाफ धरली तर १.७४ टन बगॅस. बगॅसला बाजारात टनाला २,५०० रुपये मिळत असतील तर या विजेचं इंधनच युनिटला ४ रुपये ३५ पैसे पडतं. तुमच्या यार्डातला खरा दर घाला आणि आकडा बदला, हिशेब तोच. त्यावर कापल्या जाणाऱ्या पैशांची भर घालून कंडेन्सिंगच्या साडेतीन मेगावॉटला तो दर लावा. दुपारी दर त्याखाली गेला की बोली आपोआप बसत नाही (स्वीकारली जात नाही), तुम्ही तेवढं बगॅस वाचवता. संध्याकाळी दर वर गेला की बसते.

सकाळी १० ते ४ या सहा तासांत अडीच रुपये दर मिळाला असं धरा. ३.५ मेगावॉट × ६ म्हणजे २१ मेगावॉट-तास, विकून ५२,५०० रुपये. तेवढ्यासाठी जाळलेलं बगॅस ३६.५ टन, २,५००च्या दराने ९१ हजारांवर. रोज ३८-३९ हजारांचा तोटा, आणि तोही विक्री झाल्याच्या आनंदात.

आणखी एक. बोली राज्याच्या सीमेवरची असते, तुमच्या बसबारवरची नाही. राज्यातली पारेषण घट ३ टक्के धरली तर ११ मेगावॉट घालून सीमेवर १०.६७ पोचतात. बोली १०.६ची. सरळ ११ लावले तर शेड्यूल पाळायला ११.३४ घालावे लागतील, आणि तुमच्याकडे ते नाहीत. मग प्रत्येक ब्लॉकला, पूर्ण हंगामभर, ०.३४ची तूट. घटीचा आकडा राज्य वीज नियामक आयोगाच्या चालू आदेशातून घ्यायचा, गेल्या वर्षीच्या फाईलमधून नाही.

बगॅस_यार्ड

९६_ब्लॉक यांचा हिशेब बरोबर, पण एक गोष्ट राहिली. कंडेन्सरकडे जाणारी वाफ शून्यावर आणता येत नाही. शेवटच्या टप्प्यातली पाती थंड ठेवायला किमान प्रवाह लागतो, तो टर्बाइनच्या डेटाशीटमध्ये दिलेला असतो. तो ताशी ४ टन असेल तर साडेतीनपैकी १ मेगावॉट कायम चालूच राहणार, खरी लवचिक वीज अडीच मेगावॉट. म्हणजे दुपारची बचत ३८ हजार नाही, २७-२८ हजार. तरी सोडण्यासारखी नाहीच. आणि हो, साडेसातच्या जागी साडेआठ मेगावॉट 'मिळेल त्या दराला' या खात्यात टाका.

बॉयलरचंही बघा की. दुपारी ताशी दहा टन वाफ कमी करायची आणि सहा वाजता परत वाढवायची, हे बगॅसच्या बॉयलरला जमतं, पण ओल ५२-५३ टक्क्यांवर गेली असेल तर लोड उचलायला वेळ लागतो, भट्टीचा ड्राफ्ट हलतो. शेड्यूलमध्ये उडी एका ब्लॉकमध्ये लावू नका. संध्याकाळी ५:३० ते ६:३० चार ब्लॉकमध्ये पाव-पाव वाढवा. मिलवरचं इंबिबिशनचं (चोथ्यातला रस धुऊन काढायचं) पाणी वाढवलं की रस चांगला निघतो म्हणून केमिस्ट खूश, आणि तीच ओल बॉयलरवाल्याच्या माथी. हे दोघं एका टेबलावर बसल्याशिवाय एक्स्चेंजचं शेड्यूल पाळलं जात नाही.

वाचलेलं बगॅस कुठे ठेवणार तेही आधी ठरवा. उघड्यावर ढीग मारला तर तळाशी सडतं, मध्ये तापतं, उन्हाळ्यात आग लागते. बेल करून ठेवलं तर हाताळणीचा खर्च टनामागे वाढतो. तो खर्च ९६_ब्लॉक यांच्या २,५०० मधून वजा करा, नाहीतर कंडेन्सिंगचा दर उगाच चढा लागेल आणि संध्याकाळची विक्रीही हुकेल.

हंगामानंतर फक्त संध्याकाळी पाच तास चालवू, असा बेत कुणी सुचवला तर ऐकू नका. थंड बॉयलर पेटवून दाबावर आणायलाच बराच वेळ आणि बगॅस जातं. ऑफ-सीझनला चालवायचं तर तीन-चार आठवडे सलग, आणि तेवढा साठा असेल तरच.

रिले_रूम

मीटर आणि टेलिमेट्रीबद्दल लिहितो.

जॉइंट रीडिंगवाले जुने मीटर चालणार नाहीत, जर ते १५ मिनिटांच्या ब्लॉकची नोंद ठेवत नसतील. मेन, चेक आणि स्टँडबाय असे तीन एबीटी मीटर (ब्लॉकवार नोंद ठेवणारे) लागतात, ०.२एस वर्गाचे, दोन्ही दिशांची नोंद घेणारे. सीटी-पीटीही (मीटरसाठी प्रवाह आणि व्होल्टेज कमी करून देणारे ट्रान्सफॉर्मर) त्याच तोडीचे हवेत.

इथे आपल्या भागात एक गोष्ट हमखास अडते. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात पारेषण बरंचसं ११० केव्हीचं आहे, राज्यात बऱ्याच ठिकाणी १३२. बऱ्याच कोजनच्या बे मध्ये (उपकेंद्रात लाइन जोडायच्या जागी) भविष्यातल्या विस्ताराचा विचार करून ४००/१ चे सीटी बसवलेले असतात. ११ मेगावॉटला ११० केव्हीवर प्रवाह होतो साधारण ५८ अँपिअर, म्हणजे ४०० च्या १४ टक्के. ०.२एस वर्गात ०.२ टक्क्यांची हमी २० टक्के प्रवाहाच्या वर असते, ५ टक्क्यांवर ती ०.३५ आणि १ टक्क्यावर ०.७५. निर्यातीला हे एकवेळ चालून जाईल. पण ऑफ-सीझनला तुम्ही अर्धा मेगावॉट ग्रिडमधून घेता तेव्हा प्रवाह २.६ अँपिअर, ४०० च्या पाऊण टक्क्याच्याही खाली. तिथे वर्गाची हमीच नाही. सीटीला १०० चा टॅप (कमी प्रवाहासाठीची जोडणी) असेल तर मीटरिंग कोर त्यावर घ्या, प्रोटेक्शनच्या कोरला हात लावू नका. टॅप बदलला की गुणक बदलतो. तो मीटरच्या चाचणी अहवालात, महापारेषणच्या नोंदीत आणि एसएलडीसीच्या (राज्य भार प्रेषण केंद्राच्या) नोंदीत, तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी बदलून घ्या. एका ठिकाणी जुना राहिला तर पहिल्या महिन्याचा हिशेब चौपट किंवा पाव येतो आणि तो निस्तरताना हंगाम संपतो.

मीटरचं घड्याळ जीपीएसशी जुळवलेलं ठेवा. पाच-सात मिनिटं घड्याळ सरकलं तर एकूण युनिटमध्ये फरक पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण संध्याकाळी शेड्यूल बदलतं त्या ब्लॉकमध्ये प्रत्येक वेळी विचलन (शेड्यूल आणि प्रत्यक्ष विजेतला फरक) दिसतं.

टेलिमेट्रीसाठी आरटीयू (आकडे दूरवर पाठवणारं यंत्र) लागेल. मेगावॉट, मेगावार, व्होल्टेज, ब्रेकर आणि आयसोलेटरची स्थिती ऐरोलीच्या एसएलडीसीला सतत दिसली पाहिजे. संवाद साधारणपणे ६०८७०-५-१०४ प्रोटोकॉलवर. दोन स्वतंत्र मार्ग ठेवा. दोन सिमकार्डं एकाच कंपनीची घेऊन 'दोन मार्ग' म्हणणारे आहेत, टॉवर एक पडला की दोन्ही जातात. आरटीयूचा पुरवठा स्टेशनच्या डीसी बॅटरीवर घ्या, यूपीएसवर नको: ब्लॅकआउट झाला की नेमकी तेव्हाच एसएलडीसीला स्थिती बघायची असते.

क्रम असा धरा: कनेक्टिव्हिटी आणि मीटरिंगची कागदपत्रं महापारेषणकडून (तुमचं काम कराड परिमंडळात येईल), मीटरची चाचणी आणि सील, आरटीयूची पॉइंट-टू-पॉइंट तपासणी, एसएलडीसीकडे नोंदणी, मग एक्स्चेंजसाठी ना हरकत. ना हरकतीत मेगावॉटचा आकडा आणि मुदत लिहिलेली असते, त्यापेक्षा जास्त बोली लागत नाही. सगळ्यात वेळ आरटीयू खातो. यंत्र लगेच मिळतं, पण सिग्नलची यादी आणि एसएलडीसीकडचा डेटाबेस जुळवण्यात दिवस जातात. मोळी जवळ आली म्हणता तर आजच पत्र टाका.

गव्हाण_ते_ग्रिड

सर्वांचे आभार. सीटी खरंच ४००/१ आहे, टॅप आहे का ते उद्या नेमप्लेटवर बघतो. कंडेन्सरचा किमान प्रवाह डेटाशीटमध्ये ४.५ टन आहे.

ट्रिपबद्दल अजून कुणी सांगितलं नाही. समजा सकाळी १०:२० ला बॉयलर ट्यूब फुटली आणि सगळं बसलं. एक्स्चेंजवर विकलेलं शेड्यूल मागे घेता येतं का?

९६_ब्लॉक

नाही. एक्स्चेंजवर सामूहिक लिलावात विकलेली वीज रद्द होत नाही. तुम्हाला एक्स्चेंजकडून पैसे मिळतच राहतात, आणि न घातलेल्या विजेचे पैसे तुम्ही विचलन खात्यात भरता. तोटा म्हणजे या दोन दरांतला फरक, वर मर्यादा ओलांडल्याचा अधिकचा आकार. दर आणि मर्यादा राज्य आयोगाच्या २०१९च्या विचलन नियमांतून आणि त्यावरच्या चालू आदेशांतून घ्या. केंद्रीय आयोगाचे २०२४चे नियम आंतरराज्य घटकांसाठी आहेत, आणि पवन-सौरचे वेगळे नियम बगॅसला लावून बघू नका. या दोन्हींची गल्लत व्यापाऱ्यांच्या सादरीकरणातही दिसते.

उपाय रिअल-टाइम बाजार. तो १ जून २०२० ला सुरू झाला, दर अर्ध्या तासाला एक लिलाव, दोन ब्लॉकचा. बोलीची खिडकी १५ मिनिटांची आणि ती बंद झाल्यावर बरोबर एक तासाने वीज सुरू. १०:२० ला ट्रिप झालं तर त्या क्षणी १०:१५ ते १०:३० ची खिडकी उघडी असते, ती ११:३० ते १२:०० साठी. त्या दहा मिनिटांत खरेदीची बोली लावलीत तर ११:३० पासून तुमचं शेड्यूल विकत घेतलेल्या विजेने भरून निघतं. ती हुकली तर पुढची १०:४५ ते ११:००, वीज १२:०० पासून. एका खिडकीची किंमत अर्ध्या तासाची तूट, ११ मेगावॉटवर ५,५०० युनिट.

१०:२० ते ११:३० मध्ये काही करता येत नाही. चार पूर्ण ब्लॉक प्रत्येकी २,७५० युनिट आणि पहिल्या ब्लॉकमधली दहा मिनिटं, मिळून १२,८३३ युनिट. ही तूट धरूनच चाला.

हे जमायचं तर तीन गोष्टी आधी हव्यात. विक्रीबरोबर खरेदीचीही ना हरकत. व्यापारी सदस्याकडे खरेदीसाठी पुरेशी रक्कम, कारण विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याकडून आधी पैसे घेतले जातात. आणि पाळी प्रमुखाला थेट व्यापाऱ्याच्या चोवीस तास डेस्कला फोन करायचा लेखी अधिकार. चीफ इंजिनिअर, मग एमडी, मग फोन असा क्रम असेल तर दोन खिडक्या गेल्याच.

दुपारी ट्रिप झालं तर रिअल-टाइमला वीज सहसा स्वस्त असते, कधी कधी तुम्ही विकली त्यापेक्षाही. संध्याकाळी ७ ला झालं तर महाग पडते.

रिले_रूम

ट्रिपमध्ये अजून एक खर्च दडलेला आहे. टर्बाइन बसलं की निर्यात शून्य होते तिथेच थांबत नाही, ७ मेगावॉटचा हाऊस लोड क्षणात ग्रिडवर येतो. महावितरणकडची तुमची करार मागणी बहुतेक एक-दोन एमव्हीएच्या पुढे नसेल. १५ मिनिटं जरी ओढलं तरी त्या महिन्याच्या कमाल मागणीत ते बसतं आणि दंड लागतो. टर्बाइन ट्रिपचा संपर्क थेट मिलच्या आणि फायब्रायझरच्या (ऊस बारीक करणाऱ्या यंत्राच्या) फीडर ब्रेकरला द्या. बॉयलर फीड पंप, डीसी ल्युब ऑइल पंप आणि लाइटिंग एवढंच शिल्लक राहील असं बघा.

उलट बाजूही आहे. ग्रिडवर दोष आला आणि ११० केव्हीचा ब्रेकर उघडला, तर टर्बाइन हाऊस लोडवर टिकलं पाहिजे. गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) नीट लावलेला नसेल तर १८ वरून ७ वर येताना ओव्हरस्पीडवर जातं. हंगामाआधी एकदा लोड फेकून चाचणी घ्या.

आणि शटडाउन. महापारेषण तुमच्या लाइनचं किंवा बे चं काम काढतं, ते पत्र पूर्वी दोन दिवस आधी आलं तरी चालायचं. आता आज १२ ला बोली लागल्यावर उद्याचं शटडाउन कळलं तर विचलन तुमच्या नावावर. महिन्याच्या आउटेज नियोजनात तुमची लाइन आहे का ते एसएलडीसीकडून आधी मागवत जा, आणि उपकेंद्राच्या इनचार्जना तुमच्या बोलीची वेळ सांगून ठेवा.

बगॅस_यार्ड

हंगामाच्या सुरुवातीचे पंधरा दिवस ११ चं शेड्यूल लावूच नका. ऊसतोडणीच्या टोळ्या पूर्ण आलेल्या नसतात, नोव्हेंबरात एखादा पाऊस येतो, आणि ऊसदराचं आंदोलन पेटलं की वाहनं रस्त्यात थांबतात. 'नो केन' म्हणून मिल तासाला दोनदा थांबते. त्या काळात डे-अहेडला सहा-सातच लावा आणि जमलं तर जास्तीची वीज रिअल-टाइमला विका. शेड्यूलपेक्षा नुसती जास्त घालून ठेवण्यात अर्थ नाही, फ्रिक्वेन्सी ५०.०५ च्या वर असली की त्या जास्तीच्या विजेला काही मिळत नाही.

समकालिक

अमेरिकेच्या प्रश्नाचं उत्तर. संचालकांना असं सांगा.

अमेरिकेच्या पश्चिम भागात डझनावारी वीज कंपन्या आपापल्या क्षेत्राचा तोल स्वतःच सांभाळतात. शेजाऱ्याकडे स्वस्त वीज असली तरी ती तासाच्या आत घ्यायची सोय फारशी नव्हती. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड ऑपरेटरने पॅसिफिकॉर्पला बरोबर घेऊन १ नोव्हेंबर २०१४ ला असमतोल विजेचा सामाईक बाजार सुरू केला, पुढच्या वर्षी नेवाडाची कंपनी आली, मग बाकीच्या. त्यात दर पाच मिनिटांनी सगळ्या क्षेत्रांत मिळून सर्वांत स्वस्त संच वर-खाली केले जातात. सामील होणं ऐच्छिक आहे, पण फुकट नाही. कंपनीला आपल्या जाळ्याचं पूर्ण मॉडेल द्यावं लागतं, मीटर आणि शेड्यूलिंग बदलावं लागतं, काही महिने समांतर चालवून दाखवावं लागतं. शिवाय प्रत्येक तासाआधी परीक्षा: तुमच्या गरजेपुरते संच आणि ते वर-खाली करायची क्षमता तुमच्याकडे आहे का? नापास झालात तर त्या तासाला शेजाऱ्याकडून जास्तीची वीज घेता येत नाही. शेजाऱ्याच्या जिवावर कुणी राहू नये म्हणून ही अट.

आता तिथे डे-अहेडसाठी दोन बाजारांत चुरस आहे, कॅलिफोर्नियाचा विस्तारित बाजार आणि साउथवेस्ट पॉवर पूलचा मार्केट्स प्लस. बॉनव्हिल या सरकारी जलविद्युत विक्रेत्याने २०२५ मध्ये दुसरा निवडला. त्यामुळे दोन बाजारांच्या सीमेवर वीज कशी जाणार, यावर तिथे बराच वाद चालू आहे.

आपल्याकडे तो टप्पाच वेगळा आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि दक्षिण विभाग बाकी देशाशी समकालिक झाला, तेव्हापासून देशभर एकच फ्रिक्वेन्सी. एक्स्चेंजचा लिलावही देशभराचा एकच. लाइन अडली तरच बाजाराचे तुकडे पडतात आणि बोली क्षेत्रांनुसार दर वेगळे होतात. महाराष्ट्र गुजरातबरोबर डब्ल्यू-२ मध्ये येतो. 'पश्चिम विभागाचा बाजार' असा वेगळा नाही, पश्चिम विभागाचं भार प्रेषण केंद्र मात्र आहे, मुंबईत, आणि ते आंतरराज्य शेड्यूल बघतं. कारखान्याने सामील व्हायचं ते फक्त एका व्यापारी सदस्याचा ग्राहक म्हणून. ११ मेगावॉटसाठी स्वतः सदस्यत्व घेणं परवडत नाही.

अमेरिकेतली ती परीक्षा आपल्याकडे ठोकळपणे महावितरणसारख्या वितरण कंपनीला लागू पडते, तुम्हाला नाही. संध्याकाळी सूर्य गेल्यावर राज्याचा तोल सांभाळायला कोयनेचे १,९६० मेगावॉट आहेत, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ते पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून उरलेली संध्याकाळची गरज बाजारातून घेतली जाते. तुमची कंडेन्सिंगची वीज विकली जाते ती त्याच वेळेला.

कोणत्या एक्स्चेंजवर, हा प्रश्न डे-अहेडपुरता आज फारसा उरलेला नाही, कारण बहुतेक सगळं प्रमाण २००८ पासून चालणाऱ्या आयईएक्सवर (इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर) आहे. केंद्रीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये डे-अहेडसाठी मार्केट कपलिंग टप्प्याटप्प्याने आणायचं ठरवलं होतं. ते आलं तर तिन्ही एक्स्चेंजच्या बोली एकत्र करून एकच दर निघेल. व्यापाऱ्याशी करार करताना एका एक्स्चेंजचं नाव घालून स्वतःला बांधून घेऊ नका, एवढंच.

गव्हाण_ते_ग्रिड

फार उपयोग झाला. शेवटचं: ग्रीन डे-अहेडमध्ये (फक्त अक्षय ऊर्जेच्या बाजारात) लावू की साध्या? आणि कुपवाडच्या एखाद्या फाउंड्रीला थेट दिली तर?

९६_ब्लॉक

बगॅस अक्षय ऊर्जेत धरलं जातं, त्यामुळे ग्रीन डे-अहेडला जाता येतं. हा बाजार ऑक्टोबर २०२१ पासून आहे. आधी ग्रीनचा लिलाव होतो, न विकलेलं प्रमाण साध्या डे-अहेडमध्ये पुढे न्यायचा पर्याय बोली लावतानाच निवडता येतो. तो निवडा. ग्रीनमध्ये विकलेल्या विजेवर अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र मिळत नाही, कारण हिरवेपणा घेणाऱ्याकडे गेला. साध्या बाजारात विकली तर प्रमाणपत्र तुमच्याकडे, १,००० युनिटला एक. त्याला ३५० रुपये मिळाले तर युनिटला ३५ पैसे. म्हणून ग्रीनमधला किमान दर साध्यापेक्षा तेवढा वर ठेवा. प्रमाणपत्रासाठी महाऊर्जाकडून मान्यता आणि मग राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडे नोंदणी लागते, ती या हंगामात वेळेत होईल असं गृहीत धरू नका.

फाउंड्रीचं गणित वेगळं. हरित मुक्त प्रवेशाच्या (अक्षय वीज थेट उत्पादकाकडून घ्यायच्या) २०२२च्या नियमांनुसार १०० किलोवॉट किंवा त्यावरचा ग्राहक घेऊ शकतो, पण क्रॉस सबसिडी अधिभार, व्हीलिंग (वीज वाहून नेण्याचा आकार) आणि घट धरून त्याला महावितरणपेक्षा काय स्वस्त पडतं ते आधी त्याच्याच बिलावर मांडून बघा. नव्या टीओडीत (वेळेनुसार बदलणाऱ्या दरात) दुपारी सूट आणि संध्याकाळी अधिभार आहे, म्हणजे भट्टी संध्याकाळी चालवणाऱ्यालाच तुमच्या विजेची खरी गरज. शिवाय तो बारा महिन्यांचा ग्राहक, तुम्ही पाच महिन्यांचे. करारात हंगामाच्या तारखा आणि मिल बंद असतानाची तरतूद लिहिली नाही तर पहिल्याच 'नो केन'ला भांडण. साडेआठपैकी तीन-चार मेगावॉट दोन-तीन फाउंड्रींना आणि बाकी एक्स्चेंजवर, असं वाटून ठेवता येईल. पण दोन्हींची शेड्यूल वेगवेगळी भरावी लागतात आणि ना हरकतीतलं प्रमाणही तसंच विभागून मागावं लागतं, हे एसएलडीसीच्या अर्जातच लिहा.

रिले_रूम

आणि फाउंड्रीकडचे मीटरही १५ मिनिटांच्या ब्लॉकचे हवेत. तुमच्याकडचं सगळं तयार आणि त्यांच्याकडे जुना टीओडी मीटर, असं झालं की अर्ज तिथेच थांबतो. टॅप सापडला का ते कळवा. नसेल तर सीटी बदलायला शटडाउन लागेल, आणि तो मोळी टाकायच्या आधी घेतलेला बरा.